कडा सोडून

हुक्केरी मॅडमनी काचेच्या बशीत एरंडेल ओतलं,
वर चिमूटभर रवा.
"उप्पीट नव्हे हे, हसू नका की.
गप्प बघा."

दोन तारा, दोन टोकं.
कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राचं चाक
सिद्राय बिर्जेनं दंडात जीव आणून फिरवलं
आणि तेलात सैरभैर पडलेला रवा
उठून ओळीला लागला,
कणामागे कण, शेपूट धरल्यासारखा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीच कमानी.
चाक थांबलं, तरी थोडा वेळ त्या तशाच होत्या.
तेल दाट असतं.
विसरायला वेळ लागतो त्याला.

वहीत मी रेषा काढल्या बत्तीस.
घाईत दोन एकमेकींना छेदून गेल्या.
मॅडमनी तिथं लाल गोल केला:
"ह्या ठिपक्यावर इवलासा धनभार ठेवला
तर तो कुणीकडं जाईल?"
मी म्हटलं, दोन्हीकडं.
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
"ओढी कितीही असू देत,
आधी त्यांची बेरीज होते. मग दिशा एकच."
फळ्यावर कानडीत लिहिलं, विद्युत क्षेत्र,
त्याच्याखाली मराठीत, विद्युत क्षेत्र,
आणि हातावरचा खडू झटकत म्हणाल्या,
"अक्षरं तेवढी गोल झाली बघा."

सुमित्रा मुतगेकरनं विचारलं,
दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत काय असतं?
"तेच असतं.
आपण पेन्सिल तेवढी उचललेली असते."

शेवटी आल्या दोन समांतर पट्ट्या.
रेषा सरळ, सारख्या अंतरावर,
फणीतून ओढून घेतल्यासारख्या.
हे मला न शिकता येत होतं.
वडगावच्या आमच्या घरात
दोन बीमांच्या मध्ये रोज हेच चित्र ताणलेलं असतं,
आणि फेब्रुवारीत हवा कोरडी झाली
की त्या नकली रेशमाजवळ हात नेताच
हातावरची लव उभी राहते,
धाग्याकडं कललेली.

पण आकृतीखाली बारीक अक्षरात होतं:
कडांचा परिणाम सोडून.
कडेला रेषा बाहेर फुगतात,
वाकतात, सूत्रात बसत नाहीत,
म्हणून उदाहरणात कडा धरायच्या नाहीत.

रात्री आईला सांगितलं.
तिनं बटण बंद केलं. धोटा होता तिथं थांबला.
"काठ सोडून?"
चष्मा कपाळावर गेला.
"अगं, मजुरी मिळते ती काठाची.
मधलं काय, यंत्र आपलं आपण विणतंय."

चाचणीत मी पट्ट्या काढल्या, रेषा सरळ काढल्या,
आणि दोन्ही कडांना, कुणी न विचारता,
फुगलेल्या तीन-तीन.
मॅडमनी त्याचा अर्धा गुण दिला की कापला
ते अजून कळलेलं नाही.
तिथं फक्त एक लाल टिंब आहे,
पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखं.