‘बघू’ला जर्मनमध्ये काय म्हणतात

बाई साडेनऊला येणार होत्या, साडेनऊला आल्या.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तेव्हा
वॉचमन आवार झाडत होता
आणि मालक, मल्लेशम दुडम, घरी नाश्त्यावर.
“निघालोच,” ते फोनवर म्हणाले.
मी भाषांतर केलं : निघाले आहेत.
दिवसातली पहिली चूक.

हाइके ब्रांट, हॅम्बुर्ग. चाळीस हजार टॉवेल,
काठाला निळी पट्टी.
वहीत गुरुवारचे चौकोन पाडलेले :
दर, मुदत, दंड, जेवण.
जेवणालासुद्धा चौकोन.

मालक अकराला आले. बसले.
आधी विचारलं, आई आहे का तुमची?
मग चहा, शेंगाचटणी, कडक भाकरी,
ती कशी मोडायची यात वीस मिनिटं,
मग करीमनगरहून आजोबा कसे आले ते,
सावकाश, मुक्कामासकट.
बाईंनी एका चौकोनावर रेघ मारली. मग दुसऱ्यावर.
मला हळूच म्हणाल्या, हे टाळतायत.
मालक मला तेलुगूत म्हणाले,
घाईचं माणूस आहे, अर्ध्यात सोडून जाईल.
दोन्ही वाक्यं मी गिळली.

मुदत किती?
“बघू.”
पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकलो, फी भरून,
‘बघू’चा धडाच नव्हता पुस्तकात.
हो नाही, नाहीही नाही.
आमच्या गल्लीत उद्या, रेपु आणि नाळे
एकाच नळावर भांडतात
आणि पाणी येतं पाचव्या दिवशी.
बाई वाट बघत होत्या.
मी म्हणालो, सहा आठवडे.
माझ्या पदरचे.

कागद पुढं आला, पेनाचं टोपण निघालं.
मालकांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं :
“राहुकाळ आहे. तीनला संपतो.”
मी सांगितलं, खाली मान घालून.
बाईंनी मनगट वळवलं. दोन पन्नास.
“तीनला? नक्की?”
“नक्की म्हणजे काय, तीनला.”
आणि सकाळपासून पहिल्यांदा
त्या खुर्चीत मागं टेकल्या.
दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही.
उरलेली भाकरी बाईंनी मोडली,
बरोबर मोडली.

तीन वाजून एक मिनिटानं सही झाली.

शेडमध्ये कनकय्या मागांच्या खडखडाटात ओरडला,
किती दिवस बे?
सहा आठवडे.
त्यानं मीटरवरचे आकडे पाहिले, बोटं मोजली,
पुन्हा मोजली.
आणि रात्रपाळीला लाईट गेली तर?

मीही ओरडूनच सांगितलं,
बघू.