शेरा

रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या एका शाळेत
पाचवीच्या बाकांवर गुडघे मुडपून
आम्ही अकरा जण कथा शिकतो.
हर्डीकर सर फळ्यावर लिहितात:
पात्र. स्थळ. पेच. कळस. शेवट.
खडू मोडतो तो नेमका पेचापाशी.

मी वहीत आधी रकाने आखते. सवय.
स्वारगेटला, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत
एकोणीस वर्षं हेच केलंय:
वस्तू. गाडी. तारीख. जमा करणार. शेरा.
एक कवळी, कात्रजची गाडी.
लग्नपत्रिका दीडशे, पत्ते न घातलेल्या.
बूट, डाव्या पायाचा, वय अंदाजे तीन.

सर म्हणतात, पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे.

थोपटे मंगळवारी आले.
शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली.
तीन पुडांचा स्टीलचा डबा,
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. शैला हिस, मामाकडून.
मी काढून दिला. त्यांनी कानाशी हलवला.
"रिकामा?"
नियम आहे. अन्न त्याच दिवशी टाकणे, भांडे धुणे.
"काय होतं आत?"

उघडलाच नव्हता त्यांनी.
सकाळी तिनं हातात दिला,
दुपारी कचेरीत फोन आला,
मिळेल ती बस धरून ससूनला उतरले,
आणि डबा सीटवर बसून पुढे गेला
शेवटच्या थांब्यापर्यंत.

रजिस्टरात एवढंच: अन्न टाकले.
दिवसाला चार-पाच डबे धुते मी.
कुणाचं काय, कसं लक्षात राहणार?

"दोडका," मी म्हणाले.
का, ते विचारू नका. तोंडात तोच आला.

थोपटे बघत राहिले.
"दोडका ती करायचीच नाही.
मला आवडतो म्हणून तर नाहीच नाही.
बत्तीस वर्षांचं भांडण होतं आमचं."

मागे फिरता आलं असतं.
चुकले म्हणायचं, दुसरा डबा असेल.
रांगेत एक कंडक्टर नाण्यांची पिशवी खुळखुळवत होता,
वर पंखा कटकट करत होता,
आणि थोपट्यांनी, अगदी हळू, विचारलं:
"त्या दिवशी केला होता, म्हणता?"

"हो. आणि शिरांची चटणी. तीळ घालून."
"शिरा टाकल्या नव्हत्या?"
"नाही."

ते बराच वेळ झाकण लावत होते. कडी बसेना.
"मीठ?"
"चाखलं नाही हो," मी म्हणाले.
एवढ्या सगळ्यात तेवढंच खरं.

सही करून गेले. शेऱ्यात काय लिहू?
मालकास परत, असं लिहितात.
लिहिलं नाही.

सर विचारतात, बाई, तुमची कथा कुठवर आली?
परवा मंडईतून पाव किलो दोडका आणला.
सोलला. शिरा वाटीत काढून ठेवल्या.
आमच्याकडे दोडका कुणी खात नाही.