इतिवृत्त

मंगळवार, दुपारचे सव्वातीन.
स्टाफरूमच्या खिडक्या सताड उघड्या,
खुर्च्या एकाआड एक,
जानेवारीची थंडी फुकटात.
विषय क्रमांक एक : वर्ग ऑनलाइन घ्यावेत का.
विषय क्रमांक दोन नाही.

मला मत नाही. मी तासिका तत्त्वावर.
म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.

इनामदार सर म्हणाले, आकडे बघा.
आकडे सगळ्यांनीच बघितले होते, जेवताना.
कुणीतरी मागच्या वर्षीच्या कर्वे रोडची आठवण काढली,
रात्रभर वाजणारे ते भोंगे.
मी लिहिलं : सदस्यांनी चिंता व्यक्त केली.

चितळवेढे बाई म्हणाल्या,
दोन वर्षं झाली, मुलांना पेन धरता येईना,
कॅमेरा बंद करून झोपतात मेली.
मी लिहिलं : शैक्षणिक नुकसानीबाबत चर्चा झाली.

लिहिली नाही ती भेंडी.
फळाचा आडवा छेद शिकवायचा होता,
म्हटलं, घरात असेल ती भाजी घ्या, आईची सुरी घ्या.
काळ्या चौकोनांतून एक आवाज :
मॅडम, आज वांगंच आहे, चालेल?
मागे कुकरची शिट्टी, त्यामागे कुणाचा तरी खोकला.
शिट्ट्या मोजायच्या सोडून मी खोकला मोजत बसले.

प्रणाली ढेबे, वेल्ह्याच्याही वर कुठेतरी,
रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
वाऱ्यात ओढणी सावरत तिनं चकती कॅमेऱ्यापुढे धरली :
पाच कप्पे, पाचांत पांढरे दाणे,
इतका स्वच्छ छेद वर्गात कुणी घेतला नव्हता.
आणि तिथंच चित्र अडकलं.
वीस मिनिटं तो हिरवा तारा पडद्यावर,
मी त्याच्यावरच शिकवत राहिले, ती नसताना.
आता ती शिरवळला पॅकिंगला असते, दुसरी पाळी.
दिवाळीत मेसेज आला होता, पणतीचा.

खंडागळे मामाही लिहिले नाहीत.
त्या फेब्रुवारीत हट्ट माझाच होता :
प्रॅक्टिकल समोरासमोरच, दहा दिवस तरी.
मामा कात्रजच्या पुढून दोन बस बदलून यायचे,
स्लाइडी पुसताना मास्क नाकाखाली,
चष्म्यावर वाफ धरते म्हणून.
मी बघितलं होतं. बोलले नाही, काम अडलं असतं.
एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला,
प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या विचारायला.

कुठून लागण झाली ते सांगता येत नाही म्हणतात.
बसमध्ये, बाजारात, कुणाच्या साखरपुड्यात.
मीही तसंच म्हणते.

पाच वाजता सर्वानुमते ठरलं :
महिनाअखेरपर्यंत ऑनलाइन,
पुढे परिस्थिती पाहून.
सगळ्यांनी सॅनिटायझर लावलेल्या पेनानं सह्या केल्या,
कागदावर ओले डाग पडले.
मला विचारलंच असतं कुणी
तर मी काय म्हणाले असते, ते अजून ठरलेलं नाही.
ऑनलाइन म्हटलं की टाकीवरची ती ओढणी दिसते,
ऑफलाइन म्हटलं की वाफ धरलेला चष्मा.

जाताना प्रयोगशाळेत डोकावले.
सूक्ष्मदर्शकांवर मामींनी शिवलेले अभ्रे,
जुन्या फुलाफुलांच्या साडीचे,
एकाची शिवण उसवलेली.

कोथरूडच्या मंडईत पाव किलो भेंडी घेतली.
कोवळी आहे ताई, बघा मोडून, बाई म्हणाली.
मोडली नाही.
उद्या आठला कापायची आहे.