उच्चार

टुम्मास दारातून "थंडी" एवढंच म्हणाला
आणि मला कळलं, हा दक्षिणेच्या बेटावरचा.
तिथला स्वर जरा जास्त उघडतो.
कॉड सोलताना सुरी लागलेली,
अंगठा सुजून टम्म.

तोर्शहवनच्या लॅबमध्ये रात्री अडीचला
त्याचा पू काचेवर पसरला.
जांभळा रंग, आयोडिन, स्पिरिटची धार,
शेवटी गुलाबी.
जांभळा टिकला नाही. म्हणजे भिंत पातळ,
वर चरबीचा कोट चढवलेला,
आत ना केंद्रक ना खोल्या,
डीएनएचा एक गुंता, बस्स.

मी वहीत "गुलाबी, दांड्यासारखे" लिहितेय
तर भिंगाखाली एक पांढरी पेशी
चौघांना केव्हाच गिळून बसलेली.
तिच्याकडे कुठला रंग, कुठलं भिंग?
जंतू प्रत्येक प्रथिन
एकाच ठरावीक अक्षराने सुरू करतात.
तेवढं तिला पुरतं.

आपल्यात तसं कुणी बोलत नाही,
पेशींतले ते ऊर्जेचे कण सोडले तर.
कधीकाळी तेही जंतूच होते.
अजून तसंच बोलतात,
पण आतल्या आत, दार लावून.
पेशी फुटली की मात्र ऐकू जातं बाहेर.

शहरात आलो तेव्हा आईने मला
स्वर मिटून घ्यायला शिकवलं होतं.
टुम्मासला पट्टी बांधताना
"दुखतंय?" असं विचारलं मी,
तो चमकून वर बघत राहिला.