छाट

आमचं बायबल उघडलं
की आधी तंबाखूचा वास येतो,
मग उत्पत्ती.
आई मांडीवरचं सूप खाली न ठेवताच
पान उलटायची, ओल्या बोटानं,
तेंदूचं पान उलटावं तसं.
स्तोत्रांच्या कडा अजून तपकिरी आहेत.

निपाणीत फाल्गुनात हवाच शिंकते.
वखारींची दारं उघडली
की अकोळच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा
नाक पंजात घालून बसतात.
त्या हवेत आई आणि शेजारची बसव्वा
जोत्यावर विड्या वळायच्या,
एकीच्या ओठांवर प्रभूची प्रार्थना,
दुसरीच्या ओठांवर वचनं, कानडीत.
दोऱ्याचं रीळ एकच, दोघींच्या मधे.

हजार विड्या म्हणजे चाळीस जुड्या.
दर दहावी जुडी आई सुपाच्या डाव्या कडेला ठेवायची.
"ही त्येची," म्हणायची.
त्या चार जुड्यांचा दोरा
मला नेहमी जरा जास्तच घट्ट वाटायचा.

हनोख मास्तरांनी एका रविवारी
तिचं पाकीट दोन बोटांत धरलं.
"शलोमी, हा धुराचा पैसा.
देवापुढं कसा ठेवू?"
बाकांवरचे पंखे थांबले.
म्हणजे हातातले, पुठ्ठ्याचे.
आई म्हणाली, "वास नोटंचा न्हाई मास्तर,
हाताचा हाय. हात त्येनंच दिल्यात.
दुसरं काम बघून द्या, उद्यापास्नं सोडते."
दुसरं काम कोणी दिलं नाही.
मास्तरांनी पाकीट घेतलं
आणि खिशातून डोकावणारी तपकिरीची डबी
अंगठ्यानं आत ढकलली.

शनिवारी कंत्राटदाराचा कारकून
जुड्या चाचपायचा, विड्या बाजूला टाकायचा,
दोन मुठी, कधी तीन.
छाट.
तिचे पैसे नाहीत, आणि ती परतही नाही.
ती पुढं कुठं विकली जायची
हे निपाणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अशाच एका शनिवारी
त्यानं पासबुकात एक दिवस जास्त लिहिला.
हजार विड्या, न वळलेल्या.
मी सातवीत होते, आकडा मीच आधी पाहिला
आणि घर येईपर्यंत तोंडात धरून ठेवला,
लिमलेटच्या गोळीसारखा.
"आई, देवानं छाट परत दिली!"

तव्यावर भाकरी होती.
आईनं पासबुक दिव्याखाली धरलं,
पदर खांद्यावर घेतला, म्हणाली, "चल."

कारकून जेवत होता.
उष्ट्या हातानंच उठला, पासबुक बघितलं,
आईकडं बघितलं.
"शलोमव्वा," म्हणाला, "तुला कळत न्हाई व्हय
मी दर आठवड्याला काय करतो ते?"
"कळतंय की," आई म्हणाली.
त्यानं डाव्या हातानं आकडा खोडला.
आतून त्याची बायको बघत होती.

परतताना मी रडत होते, रागानं.
वेदगंगेकडून गार वारं येत होतं.
तिनं समजूत घातली नाही.
एवढंच म्हणाली,
"त्येचा हिशेब त्यो दील.
माजा मला द्यायचा हाय."

पुढच्या शनिवारी छाट निघालीच.
एखादी मूठ कमी असेलही,
मी मोजली नाही.
बरेच दिवस मी देवाशी बोलत नव्हते.

आता चिक्कोडीच्या कचेरीत
माझ्यापुढं बिलं येतात.
कधी एखादं बिल गुळगुळीत असतं,
वर चहा, वर "मॅडम, सगळेच करतात."
मी सही करत नाही.
धीट आहे म्हणून नाही, हात कापतो माझा.
पण बोटांना तो वास येतो
आणि ती रात्र आठवते.

घरी आलो तेव्हा भाकरी
तव्यावर काळी झाली होती.
आईनं ती चाकूनं खरवडली,
दोन तुकडे केले, मोठा माझ्याकडं सरकवला,
डोळे मिटले,
आणि अन्नाबद्दल आभार मानले,
पूर्ण,
एकही शब्द न गाळता.