जादाची किल्ली

गुदैबियात माझं दुकान,
दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट:
एक यंत्र, एक दिवा, भिंतभर बिनदात्यांच्या किल्ल्या
आणि उभं राहण्यापुरता मी.
सतरा वर्षं मनामात
लोकांची दारं लोकांना उघडून देतोय.

मरियम परकार आली तेव्हा पारा सेहेचाळीसवर.
शाळेच्या बसमध्ये पोरं मोजायचं काम तिचं,
म्हणून कोण कमी आहे ते तिला आधी कळतं.
"सहा काप," म्हणाली. "फ्लॅट घेतलाय."
"सहा दारं?"
"दार एकच. माणसं सहा."

घेतला म्हणजे भाड्याने, भाडं म्हणजे वर्गणी,
वर्गणी म्हणजे डब्यात पडलेले फिल्स आणि कधीमधी दीनार.
शैजूने व्हॅनमधून खाटा आणल्या,
नर्स लिओनोरा मंगळवारी बीपी बघायला कबूल झाली,
गुल वली नळवाल्याने तुंबलेली मोरी मोकळी केली
आणि मजुरीच्या जागी भांडण घेतलं:
पिणाऱ्याला खोली? आधी सोडू दे म्हणावं.
"पाणपोईमागे झोपून कुणाची सुटलीय?
आधी दार. बाकीचं मग."
गुल वली तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी खांद्यावर कूलर घेऊन जिना चढला.

सहावी किल्ली दत्ताराम शिगवणची.
मंडणगडचा. सुतार.
कंपनी बुडाली, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
कपाट कुठे, ते कुणीच सांगेना.
चौदा महिने चपला उशाला घेऊन झोपलेला माणूस
दुसऱ्याच सकाळी फटीसमोर उभा:
"लागत नाही."

बरोबर गेलो. लावली. लागली.
हात कापत होते त्याचे,
पण ते सगळं काही दारूचं नव्हतं.
"टॉवरात नऊशे दारं बसवली," म्हणाला,
"किल्ली लावून बघायचा तो इंजिनियर.
आणि कँपात, बारा जणांत,
दाराला दगड."

आठवडाभर तो खाट सोडून उंबऱ्याशी झोपला,
बूट घालून.
मग एका रात्री गेलाच.

वहीत दोन नावं वाट बघत होती.
गुल वलीने विचारलं, त्याच्या गादीवर कुणाला घेऊ?
मरियम भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"बाहेर गेलाय तो. माणसं जातात बाहेर."

दहाव्या दिवशी कुलपात किल्ली फिरली.
कुठे होतास, असं कुणी विचारलं नाही.
सोहराबने डाळ गरम केली,
खुबूस उरलं होतं ते पुढे सरकवलं,
आणि लिओनोरा, मंगळवार नसूनही,
पट्टा दंडाला गुंडाळून आकडा बघत बसली.
आकडा वाईट होता. तोही लिहिला.

त्या फ्लॅटचं दार दमट हवेत फुगतं, फरशीला घासतं,
उघडलं की सगळी इमारत जागी होते.
ऑगस्टात कधीतरी ते घासायचं थांबलं.
जिन्यावर रंध्याच्या साली पडलेल्या दिसल्या,
झाडूवाल्याने शिव्या दिल्या,
तेवढ्यावरून कळलं.

पासपोर्ट अजून मिळालेला नाही.
दर गुरुवारी मरियम त्याला घेऊन दूतावासात जाते,
टोकन घेते, बसते, परत येते.
बाटली? सुटली म्हणणार नाही.
कमी झाली, असं लिओनोराचा आकडा म्हणतो.

काल आला. किल्ली काउंटरवर ठेवली.
"अशीच आणखी एक काप."
"कुणाला?"
"कुणाला नाही. हरवली तर."

यंत्र लावलं. पितळेचा भुगा उडाला,
त्याने फुंकर मारून बाजूला केला,
दाते अंगठ्याने चाचपले, सुताराने धार बघावी तसे,
आणि खिशातून अर्धा दीनार काढला.

"राहू दे रे, दत्ताराम."

"का?" त्याचा आवाज चढला.
"गिऱ्हाईक आहे मी."

घेतला.
शंभर फिल्स परत दिले.
ते त्याने मोजून घेतले.