लिटरला आठ ग्रॅम

डब्यावर एकच शब्द: अगर.
पांढरट भुकटी, फुंकर लागली की उडते.
लिटरला आठ ग्रॅम. साखर तीस.
उसाच्या पोरालाही साखर विकतची घालावी लागते
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा
मी एकटीच हसले होते.

गोकुळ शिरगावच्या ह्या शेडमध्ये
बाटलीबाटलीत ऊस उभा आहे,
बोटभर, माती न पाहिलेला.
खाली काचेसारखा थर,
त्याला ना रंग ना चव,
मुळं धरायची, एवढीच त्याची नोकरी.

बाटल्या धुणाऱ्या झुबेदाचाचीचं आडनाव साखरकर.
आम्हाला वाटायचं, कारखान्याकडचे असतील कुणी.
परवा ऑटोक्लेव्ह उघडला, वाफ अंगावर आली
आणि ती ब्रश तसाच धरून थांबली.
"ओहोटी लागलीय गं कुठंतरी," म्हणाली.
"कातळावरचं तांबडं शेवाळ उन्हात घातलं
की असाच वास सुटायचा."

मला त्या शेवाळाचं लॅटिन नाव पाठ.
तांबडं असतं, हेही पुस्तकात होतं,
परीक्षेला दोन मार्कांना.
ते परकराच्या ओच्यातून
खाडीपासून घरापर्यंत ठिबकत यायचं,
हे कुठल्याच पानावर नव्हतं.

आंबा घाट चढून ती आली, तेव्हा अठराची.
माघारी दोनदाच गेली.
दोन्ही वेळा मयतीला.

तिनं विचारलं, हे थिजतं कसं?
म्हटलं, उकळल्याशिवाय विरघळत नाही,
कोमट झालं की धरतं,
मग हाताची ऊब द्या, उन्हाची द्या,
दाद देत नाही. पुन्हा उकळायलाच लागतं.
"अगदी माझी सासू," म्हणाली
आणि ब्रश पुन्हा फिरायला लागला.

डबा वाचून दाखवला तिला. अगर, मी म्हणाले.
"आगर," ती म्हणाली.
तिकडं घरामागच्या नारळी-पोफळीला म्हणतात.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं,
मिटलं.

बुरशी धरलेल्या बाटल्या वाफवून तिच्याकडे जातात.
आतला गोळा ती हल्ली मोरीत टाकत नाही,
कंपाउंडकडेच्या पेरूखाली नेऊन पसरते.
का, ते मी विचारलं नाही.
सोमवारी बघितलं तर
वाळून पापुद्रा झालेला, कडा वर उचललेल्या,
आणि मुंग्यांची रांग त्यावरून
साखर शोधत चाललेली.